खलनायक नेमका कुठे बिघडतो? मालिकेतल्या वाईट माणसाचा प्रवास कसा लिहावा

मालिकेच्या मीटिंगमध्ये खलनायकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: ‘लहानपणी याच्यासोबत काय झालं होतं?’ मग कोणाचा बाप दारुडा ठरतो, कोणाची आई सोडून जाते, कोणाचा भरवर्गात अपमान होतो. तीन मिनिटांचा फ्लॅशबॅक लिहिला की पात्र झालं, असं सगळे धरून चालतात. मीही बरीच वर्षं असंच लिहीत होतो. आता मला वाटतं, या प्रश्नामुळे आपण चुकीच्या जागी शोधत बसतो. जखमेने माणूस दुखावतो, कडवट होतो, कधी गप्प होतो. वाईट होतो तो नंतर कधीतरी, परत फिरायची वाट मोकळी असताना तो फिरत नाही तेव्हा. ती जागा सापडली नाही, तर कितीही फ्लॅशबॅक टाका, प्रेक्षकाला त्या माणसाची कीव येईल. भीती वाटणार नाही.

त्या जागेपर्यंत टप्प्याटप्प्याने कसं पोचायचं ते इथे सांगतो. नुसते नियम सांगून उपयोग नसतो, म्हणून या लेखापुरतं एक पात्र घडवू. त्याचं नाव माधव. वय 45. एका मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडाराचा प्रमुख. पहिल्या एपिसोडमध्ये तो तिथला सगळ्यात भरवशाचा माणूस आहे. शेवटाकडे त्याच्यामुळे एक बाई अत्यवस्थ झालेली असेल आणि एक निरपराध मुलगा कोठडीत असेल.

आधी ठरवा: याला ‘बिघडायची’ गरज आहे का?

प्रत्येक वाईट पात्राला कारण लागत नाही. ‘ऑथेल्लो’ नाटकातला इयागो स्वतःच्या द्वेषाची दोन-तीन कारणं सांगतो आणि त्यातलं एकही त्याने केलेल्या नाशाला पुरत नाही. पकडला गेल्यावर त्याला कारण विचारतात, तेव्हा तो यापुढे एक शब्दही बोलणार नाही म्हणतो. त्या गप्प बसण्याची दहशत कुठल्याही खुलाशाने कमीच झाली असती. तुमचं पात्र पाच-सहा एपिसोडपुरतं येऊन जाणार असेल, किंवा त्याचं काम वादळासारखं येऊन सगळं उलथवण्याचं असेल, तर त्याला भूतकाळ देऊ नका.

पण तो चांगल्याचा वाईट होताना प्रेक्षकाने पाहायचा असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या लागतात. टीव्हीला हे काम सगळ्यात छान जमतं. तिथे आपल्या हातात शेकडो मिनिटं असतात आणि माणूस बिघडायला वेळ लागतो.

पायरी 1: ज्या गुणाने तो बिघडणार, तो गुण आधी दाखवा

माधवच्या कागदावर मी पहिली ओळ ही लिहीन: ‘आपल्या माणसाला हा कधी उघडं पडू देत नाही.’ हा त्याचा खरा गुण आहे. हाताखालच्या मुलाची चूक झाली तर वरिष्ठांसमोर तो स्वतः उभा राहतो. त्याचं ठरलेलं वाक्य आहे, ‘तू घरी जा. मी बघतो.’ पहिल्या काही एपिसोडमध्ये हे वाक्य दोनदा तरी यायला हवं आणि दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला हायसं वाटायला हवं.

पुढे हाच गुण नासणार आहे. झाकून घेण्याची सवय म्हणजे दडपण्याची सवय. फरक एवढाच की आधी तो दुसऱ्याला झाकतो आणि नंतर स्वतःला. खलनायकाला बाहेरून आणलेले दुर्गुण चिकटवू नका. त्याच्या चांगुलपणातली कुठली गोष्ट थोडी ताणली तर विषारी होईल, ते शोधा. शिस्तप्रिय माणूस क्रूर होऊ शकतो, प्रेमळ आई मुलाला गिळू शकते, स्वाभिमानी माणूस सूडाने पेटू शकतो. पात्राबद्दल एक वाक्य लिहा, आणि तेच वाक्य पहिल्या आणि शेवटच्या एपिसोडमध्ये दोन वेगळ्या अर्थांनी खरं ठरतं का ते पाहा.

पायरी 2: जखम द्या, पण तिच्यासमोर एक साक्षीदार उभा करा

जखम असू नये असं मी म्हणत नाही. माधवला ती आहे. उमेदवारीच्या काळात त्याची एक लहानशी चूक झाली, वरिष्ठाने अंग काढून घेतलं आणि याची नोकरी गेली. म्हणून तर तो आज कोणाला उघडं पडू देत नाही. ही गोष्ट तो एकदाच, जेवता जेवता, दोन वाक्यांत सांगेल. फ्लॅशबॅक नको.

महत्त्वाचं काम पुढचं आहे. तशीच जखम असलेला दुसरा माणूस त्याच गोष्टीत ठेवा. महाभारतात कर्णाला जन्मावरून हिणवलं जातं आणि त्याची ठसठस त्याला दुर्योधनाच्या दारात नेते. पण त्याच दरबारात विदुर आहे. तो दासीपुत्र, म्हणून शहाणपण असूनही राज्यावर हक्क नाही. अपमान त्याच्याही वाट्याला आला होता आणि द्यूतसभेत विरोधात बोलायला तो उभा राहिला. कर्ण त्याच सभेत द्रौपदीबद्दल नको ते बोलला. विदुर समोर असल्यामुळे कर्णाचं दुःख खोटं ठरत नाही, पण ते निमित्त म्हणून वापरायची सोयही राहत नाही.

माधवसाठी मी भांडारातल्या जुन्या कर्मचारी शालिनीताई घेईन. त्यांच्यावरही पूर्वी कोणाच्या तरी चुकीचं खापर फुटलं होतं. त्या तेव्हापासून प्रत्येक नोंद दोनदा तपासतात, एवढंच. त्यांनी माधवला उपदेश करू नये. त्या फक्त फ्रेममध्ये असाव्यात.

पायरी 3: पहिलं बटण 15 व्होल्टचंच ठेवा

1961 मध्ये येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रम या मानसशास्त्रज्ञाने सुरू केलेला प्रयोग प्रत्येक पटकथाकाराने नीट समजून घ्यावा. आलेल्या लोकांना सांगितलं होतं की हा स्मरणशक्तीचा अभ्यास आहे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाने उत्तर चुकवलं की त्याला विजेचा झटका द्यायचा आणि प्रत्येक चुकीला एक बटण वर सरकायचं. समोर 30 बटणं होती, 15 व्होल्टपासून 450 व्होल्टपर्यंत. झटका खरा कोणालाच बसत नव्हता, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. मिलग्रमने 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात 40 पैकी 26 जण शेवटच्या बटणापर्यंत गेले होते. माणसांना असं फसवून ताण देणं योग्य होतं का, यावर नंतर खूप टीका झाली आणि ती रास्तच होती.

लेखकाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट म्हणजे बटणांमधलं अंतर. पहिलंच बटण 450 चं असतं तर बहुतेक जण उठून गेले असते. पण 150 वर हात थांबवायचा, तर 135 का दाबलं याचं उत्तर स्वतःला द्यावं लागतं. प्रत्येक पुढचं पाऊल मागच्या पावलाची बाजू घेतं. म्हणूनच माणूस थांबत नाही.

माधवचं 15 व्होल्टचं बटण असं. भांडारात नियम आहे की ज्याची मुदत आधी संपते ते औषध आधी बाहेर जायला हवं. नवा मुलगा ओंकार, वय 23, नवी खोकी पुढे लावतो आणि जुनी मागे राहतात. इंजेक्शनच्या 40 कुप्यांची मुदत मागच्या महिन्यात संपल्याचं लक्षात येतं आणि उद्या तपासणी आहे. माधव त्या कुप्या रीतसर नष्ट करायला बाजूला काढतो, म्हणजे कोणाला अपाय होण्याचा प्रश्नच नाही. फक्त साठ्याच्या नोंदवहीत तो मागची तारीख टाकून लिहितो की या कुप्या वॉर्डला वेळेत दिल्या. मग ओंकारकडे वळून म्हणतो, ‘तू घरी जा. मी बघतो.’

प्रेक्षकाला या क्षणी माधव आवडला पाहिजे. खोटं एका ओळीचं आहे, नुकसान शून्य आहे, हेतू चांगला आहे. आपणही हेच केलं असतं असं घरोघरी वाटलं, तर पुढच्या 90 एपिसोडचा पाया पडला.

पायरी 4: वाईटाचा फायदा होऊ द्या आणि त्याच्या कानाशी कोणीतरी लागू द्या

पुष्कळ पटकथा इथे फसतात. पात्र चुकतं आणि लगेच त्याला शिक्षा किंवा पश्चात्ताप होतो. असं झालं तर शहाणा माणूस थांबेल की! पहिल्या चुकीचं बक्षीस मिळायला हवं, तेही शक्य तितकं गोड. रुग्णालयाच्या प्रशासक सुलभा मॅडमना नोंदवहीतली ती ओळ कळते. त्या रागावत नाहीत. ‘माधवराव, संस्थेला सांभाळून घेणारी माणसं फार कमी असतात,’ एवढंच म्हणतात. पुढच्या महिन्यात खरेदीचे अधिकार माधवकडे येतात. चूक केली म्हणून ज्या माणसाला कधी काळी हाकललं होतं, त्याची आज चूक झाकली म्हणून पाठ थोपटली जाते. त्याच्या मनात काय हललं असेल, ते नटाच्या चेहऱ्यावर सोडा.

कान भरणारं पात्र लिहायचं असेल तर मंथरेकडून शिका. वाल्मीकींच्या कथेत रामाच्या राज्याभिषेकाची बातमी ऐकून कैकेयी आधी आनंदाने मंथरेला दागिना देते. तिचं रामावर प्रेमच होतं. मंथरा ते प्रेम नाकारत बसत नाही. ती उद्याचं चित्र दाखवते: कौसल्या राजमाता होईल, तू तिच्यापुढे दासीसारखी उभी राहशील, भरताचं काय होईल? लोभाची भाषा न करता ती भीतीची भाषा करते. भरताची आई म्हणून जे कैकेयीचं सगळ्यात चांगलं अंग, तिथेच तिने बोट घातलं. शिवाय मागायचे ते दोन वर कैकेयीला दशरथाचा जीव वाचवल्याबद्दल मिळालेले होते. चांगल्या कामाची कमाईच हत्यार झाली. हे इतकं पक्कं बांधलेलं आहे की मी प्रत्येक नव्या मालिकेच्या आधी हा भाग पुन्हा वाचतो.

सुलभा मॅडमनी माधवला कधीही ‘भ्रष्टाचार कर’ म्हणू नये. त्यांनी म्हणावं, ‘पुरवठादाराकडे मुदत संपत आलेला साठा स्वस्तात आहे. एवढे पैसे वाचले नाहीत तर भांडारातली दोन माणसं कमी करावी लागतील. तुम्हीच सांगा, कोणती दोन?’

पायरी 5: प्रत्येक बटणासाठी सबब लिहा

खलनायक स्वतःला खलनायक म्हणत नाही, हे सगळे जाणतात. पण मग तो स्वतःला नेमकं काय सांगतो? गुन्हेगारीचा अभ्यास करणाऱ्या ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅत्झा यांनी 1957 मध्ये याची पाच रूपं मांडली. ते बालगुन्हेगारांबद्दल लिहीत होते, पण संवाद लिहायला याच्यासारखं साधन मला आजवर दुसरं मिळालेलं नाही.

पहिली सबब जबाबदारी झटकण्याची: ‘वरून आदेश होता, मी काय करणार?’ दुसरी नुकसान नाकारण्याची: ‘मुदत संपून आठ दिवस झाले, औषध काय लगेच विष होतं?’ तिसरी, ज्याचं नुकसान झालं त्यालाच दोषी ठरवण्याची: ‘बिलं बुडवणारेच पेशंट आहेत हे, यांना अजून काय द्यायचं?’ चौथी बोट दाखवणाऱ्यांवरच उलटण्याची: ‘तपासणीला येणारे काय धुतल्या तांदळाचे आहेत?’ आणि पाचवी मोठ्या निष्ठेची: ‘मी हे माझ्या माणसांच्या नोकऱ्यांसाठी केलं.’

पाचही सबबी एकाच प्रसंगात कोंबू नका. माझा अनुभव असा की पाचवी सगळ्यात आधी यावी, कारण ती सगळ्यात उदात्त आहे. तिसरी सगळ्यात शेवटी, कारण ती तोंडात येईपर्यंत माणूस बराच खाली उतरलेला असतो. बटण वर सरकेल तशी सबब जास्त ओंगळ होत जाते आणि बोलताना त्याचा आवाज मात्र जास्त शांत होतो. सुरुवातीला माधव पाच वाक्यांत समर्थन करेल. शेवटाकडे नुसता खांदा उडवेल.

याला जोडून एक बारीक खूण सांगतो, प्रेक्षकाला ती न सांगता कळते. पात्र कोणाचं नाव घेणं कधी थांबवतं ते ठरवा. अल्बर्ट बांडुरा आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्या गटाबद्दल ‘जनावरांसारखे आहेत’ असं कानावर पडलं होतं, त्या गटाला विद्यार्थ्यांनी जास्त तीव्र झटके दिले. तेही खरे नव्हते. एका शब्दाने हात सैल सुटले. माधव सुरुवातीला ‘बारा नंबरच्या कमलताई’ म्हणतो. मधल्या काळात ‘बारा नंबरची पेशंट’ म्हणतो. पुढे म्हणतो, ‘बारा नंबर.’ हा बदल स्क्रिप्टमध्ये अधोरेखित करून ठेवा. नाहीतर घाईत संवाद लिहिणारा दुसराच कोणी ‘कमलताई’ लिहून जाईल आणि तीन आठवड्यांची मेहनत वाया जाईल.

पायरी 6: दार उघडं ठेवा

सगळा लेख मी या पायरीसाठी लिहिला आहे.

कृष्ण शिष्टाईला येतो तेव्हा पांडवांची मागणी पाच गावांवर आलेली असते. दुर्योधनाला हस्तिनापूर सोडायचं नाही, शरण जायचं नाही, मान खाली घालायची नाही. फक्त पाच गावं द्यायची. तो सुईच्या टोकावर राहील एवढीही जमीन देणार नाही म्हणतो. लाक्षागृह, द्यूत, वनवास हे सगळं आधीच होऊन गेलेलं आहे. तरी माझ्या लेखी दुर्योधन कायमचा हातातून जातो तो इथे, कारण इथे परतायला लागणारी किंमत सगळ्यात कमी होती.

टीव्हीवरचं उदाहरण घ्यायचं तर ‘ब्रेकिंग बॅड’. (मालिका पाहायची राहिली असेल तर हा परिच्छेद, पुढची पायरी आणि पायरी 9 नंतर वाचा.) रसायनशास्त्राचा शिक्षक वॉल्टर व्हाइट, कर्करोगाचं निदान, उपचाराला पैसा नाही, म्हणून अमली पदार्थ. लोक गोष्ट अशीच सांगतात. पण पहिल्याच सीझनच्या पाचव्या भागात त्याचे श्रीमंत जुने सहकारी उपचारांचा सगळा खर्च द्यायला तयार होतात. अडचण तिथेच संपते. तो नाही म्हणतो आणि आपल्या धंद्यातल्या तरुण साथीदाराच्या दारात जाऊन उभा राहतो. लेखकांनी हे दार इतक्या लवकर उघडलं, म्हणून पुढचा सगळा प्रवास त्याचा स्वतःचा झाला. कर्करोग फक्त निमित्त उरला.

तुमच्या खलनायकासाठी असा एक प्रसंग लिहा. त्याला तीन अटी आहेत. परतीची वाट खरी असली पाहिजे, फसवी नाही. किंमत सोसण्यासारखी असली पाहिजे. आणि वाट दाखवणारा त्याचा शत्रू नसावा. त्याच्यावर जीव असलेलं कोणीतरी असावं.

आता माधव. मुदत संपलेल्या साठ्यावर नवी लेबलं लागलेली आहेत. कमलताई अतिदक्षता विभागात आहेत. चौकशी सुरू झाली आहे. रात्री भांडारात ओंकार येतो. हातात घडी घातलेला कागद.

ओंकारला वाटतं, सगळं आपल्या त्या 40 कुप्यांपासून सुरू झालं. त्याने लिहून आणलंय: ‘मुदत संपलेला साठा माझ्या हलगर्जीपणामुळे भांडारात राहिला. मी ही गोष्ट लपवली. याची जबाबदारी माझी आहे.’ खाली सही. ‘सर, तुम्ही त्या दिवशी मला वाचवलंत. आता मी खरं सांगतो. तुम्हीही सांगा, आपण दोघं जाऊ.’

दार पूर्ण उघडं आहे. माधवची नोकरी जाईल, कदाचित खटला होईल, पण डॉक्टरांना औषधाबद्दल खरं कळेल आणि त्यांच्या हातात अजून वेळ आहे. कॅमेरा कागदावर. माधव चष्मा लावून वाचतो. पुन्हा वाचतो. मग अगदी मास्तरच्या मायेने म्हणतो, ‘तारीख राहिली तुझी.’

ओंकार खिशातून पेन काढतो. माधव त्याच्या हातावर हात ठेवतो.

‘राहू दे. तू घरी जा. मी बघतो.’

ओंकार जातो. माधव दिवा पुढे ओढतो आणि रिकाम्या जागी तारीख घालतो. सहा महिन्यांपूर्वीची नाही, परवाची, लेबलं बदलली त्या दिवसाची. एका छोट्या चुकीची कबुली मोठ्या गुन्ह्याची कबुली होते.

त्याने इथे कोणाला मारलं नाही, आवाज चढवला नाही, पार्श्वसंगीताचीही गरज नाही. पहिल्या एपिसोडमध्ये हायसं वाटायला लावणारं वाक्य जसंच्या तसं आलं आणि अंगावर काटा आला. पायरी 1 मध्ये केलेली पेरणी उगवते ती इथे. तुमच्या गोष्टीत असं वाक्य नसेल, तर मागे जाऊन पेरा.

एक पूर्वतयारी मात्र लागते. मिलग्रमच्या एका फेरीत शेजारी बसलेल्या दोघांनी, जे खरं तर प्रयोगातलेच होते, मध्येच नकार दिला. त्या फेरीत 40 पैकी फक्त चौघंच शेवटपर्यंत गेले. बरोबरीच्या माणसाने ‘नाही’ म्हटलं की आपल्यालाही म्हणता येतं. म्हणून या प्रसंगाच्या आधी खलनायकाभोवतीची ‘नाही’ म्हणणारी माणसं एकेक करून दूर गेलेली असावीत, शक्यतो त्याच्याच हाताने. शालिनीताईंची बदली माधवने आदल्या महिन्यात स्वतः करून घेतली. तेव्हा ती बढती वाटली होती.

पायरी 7: हात न लावता घडलेला अपराध

दार नाकारल्यानंतर एक असा प्रसंग हवा की त्यापुढे प्रेक्षकाने आशा सोडावी. इथे मारामारी किंवा कट लिहायचा मोह होतो. त्याऐवजी ‘न करणं’ लिहून पाहा. वॉल्टर व्हाइटच्या दुसऱ्या सीझनमध्ये एक तरुणी नशेत झोपेतच गुदमरते. तो शेजारी उभा असतो, हात पुढे जातो, थांबतो, मग तो रडतो, पण तिला कुशीवर वळवत नाही. नुसतं उभं राहणं हाच गुन्हा. टीव्हीला असा प्रसंग फार मानवतो, कारण सगळं नटाच्या चेहऱ्यावर घडतं.

माधवच्या बाबतीत डॉक्टर फोनवर विचारतात, ‘या बॅचबद्दल काही तक्रार आली होती का?’ आठ सेकंद शांतता. ‘नाही.’ सीन तिथेच तोडा.

पायरी 8: कार्डं मांडा

आता पहिल्या बटणापासून शेवटच्यापर्यंत 12 कार्डं करा. प्रत्येक कार्डावर तीन गोष्टी: त्याने काय केलं, स्वतःला काय सांगितलं, आणि त्या वेळी त्याला कोण थांबवू शकलं असतं. कार्डं भिंतीवर लावा आणि शेजारच्या दोन कार्डांमध्ये बोट ठेवून विचारा: चौथ्या कार्डावरची गोष्ट तिसऱ्याच्या दिवशी सुचवली असती तर याने केली असती का? उत्तर ‘कधीच नाही’ असेल तर मध्ये एक बटण कमी आहे. ‘लगेच केली असती’ असेल तर दोन्ही कार्डं एकच आहेत, एक काढून टाका.

रोजच्या मालिकेत धोका वेगळा असतो. ट्रॅक लांबतो आणि खलनायिका दर आठवड्याला एकाच उंचीचा कट करते, पकडली जाता जाता सुटते, पुन्हा कट करते. तिचा हात 150 व्होल्टवर अडकून पडलेला असतो. मालिका वाढवायचीच असेल तर तिला खाली उतरवणारं बटण द्या. तिने एकदा कोणालातरी वाचवावं. त्या दिवशी प्रेक्षकाला आशा वाटेल आणि पुढचं बटण दुप्पट लागेल.

आणि काही सोपे मार्ग मनावर दगड ठेवून बंद करा. मानसिक आजार हे वाईटपणाचं कारण म्हणून वापरू नका. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसं कोणावरही हिंसा करत नाहीत. उलट हिंसेला बळी पडण्याचा धोका त्यांना जास्त असतो. रोज घराघरात जाणाऱ्या माध्यमात हे चुकीचं चित्र फार नुकसान करतं. चेहऱ्यावरच्या व्रणांचंही तसंच. ज्या चित्रपटांत खलनायकाची ओळखच चेहऱ्यावरच्या व्रणांनी करून दिली जाते, त्यांना पैसा देणार नाही, असं ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने 2018 मध्ये जाहीर केलं होतं. मूल होत नाही म्हणून दुष्ट झालेली स्त्री हाही असाच आळशी साचा आहे, आणि पडद्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींना तो सुरीसारखा लागतो.

पायरी 9: शेवटी सबबी काढून घ्या

खलनायकाचा शेवट म्हणजे त्याला पकडणं, मारणं किंवा सुधारणं, एवढेच पर्याय आपण धरतो. मला चौथा जास्त जवळचा वाटतो: त्याने खरं बोलणं. ‘ब्रेकिंग बॅड’ 2008 ते 2013 या काळात 62 भाग चालली. त्यात ‘मी हे कुटुंबासाठी केलं’ हे वॉल्टरचं पालुपद असतं आणि शेवटच्या भागात तो बायकोसमोर कबूल करतो की हे त्याने स्वतःसाठी केलं होतं. त्याच्या शिक्षेपेक्षा ते एक वाक्य मला जास्त लक्षात राहिलं.

तुमच्या पात्राची सबबींची यादी समोर ठेवा आणि शेवटच्या प्रसंगात त्यातली एकही वापरायला त्याला बंदी करा. आदेशाचं नाव नाही, नोकऱ्यांचं नाव नाही, जुन्या अपमानाचं नाव नाही. मग त्याच्याकडे बोलायला काय उरतं ते पाहा. बहुतेक वेळा फार थोडं उरतं.

माधवसमोर तपास अधिकारी तीन कागद मांडते. नोंदवहीतली ती पहिली ओळ, बदललेली लेबलं, ओंकारचं पत्र. पहिल्या दोन कागदांवर ती काहीच विचारत नाही. तिसऱ्या कागदावर बोट ठेवते आणि विचारते, ‘मजकूर त्या मुलाचा आहे. तारीख कोणाच्या अक्षरात आहे?’

माधव चष्मा काढून टेबलावर ठेवतो.

‘माझ्या.’

यापुढे त्याला एकही संवाद देऊ नका.